तिचंच फूल

दुपारचे चार वाजून वीस मिनिटं झाली होती. गाडीतल्या घड्याळाचे आकडे हिरवे होते, आणि आमच्या ह्यांनी किल्ली फिरवली तसे ते विझले, म्हणून माझ्या ध्यानात राहिले. पुढं ज्याला ज्याला मी हे सांगितलं त्यानं आधी हेच विचारलं की रात्र होती का, अमावस्या होती का. नव्हती. पोंगल नुकतंच झालं होतं, लख्ख ऊन पडलं होतं, आणि आम्ही एक फूल आणायला गेलो होतो. इतकंच काम होतं.

मी सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातली. शाळा सातवीपर्यंत. माझे मामा इथं चेन्नईत साऊकारपेठेत सोनं गाळायचं काम करतात, त्यांनी हे स्थळ आणलं. माणसं तंजावरकडची मराठा, पिढ्यान्‌पिढ्या इकडचीच, पण घरात मराठी बोलणारी सून पाहिजे हा सासूबाईंचा हट्ट. त्यांचं नाव राजसबाई. घरात सगळे त्यांना अम्मा म्हणतात, मीही म्हणते. लग्नात माझं नाव बदलून कमलिनी ठेवलं. जुनं नाव आता फोनवर आई घेते तेवढंच.

हे, म्हणजे विश्वजित, एग्मोरला एका ऑफिसात आहेत. स्वभावानं शांत. इतके शांत की आमची पहिली मुलगी जन्मल्यावर आठवड्याच्या आत गेली तेव्हाही ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. बाल्कनीत उभे राहिले, पूर्वेकडं तोंड करून, रोज संध्याकाळी राहतात तसे. मी म्हटलं, पुरुषाचं दुःख वेगळं असेल. तेव्हा मी सगळ्याला काहीतरी कारण शोधत असे.

मग तुळू झाला. पत्रिकेत तुळजाजी, आजोबांच्या नावावरून. बाराव्या दिवशी मामांनी सोन्याची बारीक तार आणून त्याचे कान टोचले. टोचताना त्यानं मान हलवली आणि डाव्या कानातलं भोक तिरकं गेलं. मामा हळहळले. मी म्हटलं असू दे, लाखात ओळखू येईल माझा. नंतर कान सुजले म्हणून तार काढून ठेवली.

तुळू अंग धरत नव्हता. दूध प्यायचा आणि टाकायचा. दिवस कलला की रडायला लागायचा, ते निळा पडेपर्यंत. डॉक्टर म्हणाले, मूल ठीक आहे, आईच घाबरट आहे. घाबरट तर मी होतेच. एकीला मातीत ठेवून आलेल्या बाईनं दुसऱ्याकडं कसं बघायचं ते डॉक्टरांच्या पुस्तकात नसेल. रात्री त्याच्या नाकाखाली बोट धरून मी श्वास बघायची.

तेव्हा अम्मांनी फुलाचं काढलं.

चेन्नईच्या वाळूवर अडुंबू नावाचा एक वेल असतो, तुम्ही पाहिला असेल. जांभळी फुलं, शेळीच्या खुरासारखी दुभंगलेली पानं. कोकणातल्या एका बाईनं मला सांगितलं, आपल्याकडं ह्याला मर्यादवेल म्हणतात, समुद्र ह्याच्या पलीकडं येत नाही म्हणून. ते साधं फूल. पण एक पांढरं असतं. वेल तसाच, फूल दुधासारखं, मधे पिवळं बोट ठेवल्यासारखं. ते सगळीकडं येत नाही. आता तर टेकाडंच राहिली नाहीत, सगळे बंगले झाले. चेन्नईच्या दक्षिणेला, कोवळमच्या पुढं सुरूच्या बनाआड एकच वाळूचं टेकाड आहे, तिथं येतं, असं अम्मा म्हणाल्या.

“दुधांत उगाळून जिभेला लावाचं. विश्वालाहि लावलें मीं,” त्या म्हणाल्या. “बघ कसा वाढला. ताडासारखा.”

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या गावाकडं पहिलं लेकरू गेलं की दुसरं विकत घ्यायची रीत आहे. परकी बाई बघायची. लेकरू तिच्या ओटीत घालून म्हणायचं, तुझं झालं. तिनं म्हणायचं, माझं झालं. मग पसाभर कोंडा देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचं. जी कोणी टपून बसली असेल तिला वाटतं, हे तर कोंड्याच्या मोलाचं पोर, ह्याला काय न्यायचं. माझ्या चुलतभावाला म्हणूनच सगळे कोंडिबा म्हणतात. तंजावरकडंही ही रीत आहे, इथल्या तमिळ लोकांतही आहे. फक्त आमची आजी एक बजावून सांगायची. कोंडा स्वतःच्या घरचा पाहिजे. उसना नको, उचललेला नको. मोल आपलं नसेल तर माल आपला होत नाही.

मी येताना गावच्या गिरणीतला कोंडा डब्यात भरून आणला होता. अडत होतं ते परक्या बाईपाशी. आमच्याकडं कामाला येणाऱ्या वसंताला अम्मांनी विचारून पाहिलं.

“मला माझी तीन पुरेत, पाट्टी,” वसंता अम्मांना हसत म्हणाली. “चौथं कुठं टांगू? पंख्याला?” आणि मग स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाली, “अक्का, भांडी घासते, फरशी पुसते, हे सांगू नका. ओटीत आलेलं पोर परत देताना हात आखडला तर... मी कुणाला तोंड दाखवू?”

तेव्हा ते तसंच राहिलं. त्या दिवशी आम्ही निघालो ते फक्त फुलासाठी. कोंड्याचा डबा फळीवर होता. हे नीट लक्षात ठेवा.

गाडी सुरूच्या बनापाशी थांबली. पुढं रस्ता नव्हता.

“तुम्ही येता का?” मी ह्यांना विचारलं.

“मला वाळू नको,” हे म्हणाले. समुद्राजवळ राहून हे कधीही वाळूत उतरत नाहीत. फोन कानाला लावून बसले.

अम्मांनी मला मुद्दाम लुगडं नेसवलं होतं. पदर पाहिजे म्हणाल्या, फूल मुठीत धरायचं नाही. तुळू माझ्या खांद्यावर, रडत. आम्ही बनातून चाललो. सुरूच्या झाडाला नीट पानं नसतात, सुया असतात, त्यातून वारा गेला की कोणी दातांवर दात ठेवून श्वास ओढतंय असं वाटतं. खाली सुयांचा थर, पाऊल वाजत नाही. बन संपलं आणि समोर टेकाड आलं.

इकडचा समुद्र पूर्वेला. संध्याकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो, आणि आपली सावली आपल्या आधी समुद्राकडं जाते. मला ते कधीच आवडलं नाही. त्या दिवशी अम्मांची सावली, माझी, आणि माझ्या खांद्यावरचा एक गोळा, टेकाडावर चढत होता. वाळूत एक गवत असतं, रावणाची मिशी म्हणतात त्याला इथं. त्याचे काटेरी गोळे वाऱ्यानं घरंगळत येत, पायापाशी क्षणभर थांबत, जणू वास घेत, आणि पुढं जात.

वासाचं म्हटलं म्हणून सांगते. टेकाडाच्या माथ्यावर मला वास आला. समुद्राचा नव्हे, मासळीचा नव्हे. धुरीचा. ओवा, बाळंतशोप, वेखंड, आणि त्याखाली आंबलेलं दूध. बाळंतिणीच्या खोलीचा वास. उघड्या वाळूवर, जिथं कोसभर घर नाही तिथं, बाळंतिणीच्या बंद खोलीचा वास.

“अम्मा, तुम्हाला वास येतो?”

“येतो,” त्या म्हणाल्या. एवढंच.

पलीकडच्या उतारावर पांढरी फुलं होती. एक नाही, दहा नाही, सगळा उतार पांढरा. अडुंबूचं फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, हे मला माहीत आहे. ती सगळी उघडी होती, आणि एकाचंही तोंड सूर्याकडं नव्हतं.

मी तुळूला अम्मांच्या हातात दिलं आणि खुडायला वाकले. वेल ओढला तर तो सुटेना. त्याला पेरापेराला मुळं असतात, जिथं वाळू लागेल तिथं धरतो. पदरात पाचसहा फुलं आली असतील, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

“हळू गं. झोपलीत.”

टेकाडाच्या खोबणीत एक बाई बसली होती. तरुण, माझ्याच वयाची. बाळंतीण बांधते तसं कानांवरून फडकं बांधलेलं. पाठ वाळूला टेकलेली, आणि पाय घोट्यांपर्यंत वाळूत पुरलेले, पोरं खेळताना पुरतात तसे. वेल तिच्या गुडघ्यांवरून गेला होता. तिनं तो बाजूला सारला नव्हता.

मला वाटलं, लांबच्या कुठल्या कोळ्यांच्या वस्तीतली असेल, वाऱ्याला बसली असेल.

“कोण झोपलीत?” मी विचारलं.

ती तुळूकडं बघत होती. तो रडतच होता.

“किती दिवसांचा?”

“तीन महिन्यांचा.”

“हलका आहे,” ती म्हणाली. हात न लावता कसं कळलं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

अम्मांच्या चेहऱ्याकडं मी पाहिलं. त्या घाबरल्या नव्हत्या. बाजारात हवी ती भाजी दिसावी तशा त्या दिसल्या. पुढं झाल्या आणि म्हणाल्या, “आमचं एक गेलें. हें तुझ्या ओटींत घालतों. माझं झालं मण, आणि परत दे.”

“अम्मा,” मी म्हटलं, “कोंडा घरी आहे...”

“गप.”

“आपण उद्या येऊ. मी डबा घेऊन येते...”

“उद्या ही बसेल कां इथं तुझी वाट बघत? शिकलीस सातवी आणि मला रीत सांगतीस.”

मी गप्प बसले. सुनेनं जिथं गप्प बसायचं असतं तिथं मी नेहमीच बसत आले. त्या बाईनं पदर पसरला. पदर ओला होता, छातीपाशी दोन डाग, माझ्या पोलक्यावर पडतात तसेच. अम्मांनी माझ्या तुळूला त्यात ठेवलं.

“तुझं झालं,” अम्मा म्हणाल्या.

“माझं झालं,” ती म्हणाली.

आणि तुळू रडायचा थांबला. जन्मल्यापासून दिवस कलताना तो कधी थांबला नव्हता. सुरूच्या झाडांतला आवाजही थांबला. मला फक्त लाटा ऐकू येत होत्या, त्याही लांबून.

“भुकेला आहे,” ती म्हणाली. “घोटभर पाजते.” आणि आमच्याकडं पाठ केली. पाय वाळूतून न काढता ती कंबरेतून वळली. मला तिची पाठ दिसत होती, फडक्याची गाठ दिसत होती. पदराखाली काही हाललं. एकच पोर हाललं असं मी म्हणणार नाही.

मग ती वळली. बाळ तिच्या मांडीवर, माझ्याच दुपट्यात गुंडाळलेलं.

“कोंडा?” तिनं विचारलं.

अम्मांनी माझा पदर धरला, त्यातली पांढरी फुलं घेतली आणि तिच्या ओटीत टाकली.

ती फुलांकडं बघत राहिली. हसली नाही, रागावली नाही. मला तिची कीव आली, इतकं थकलेलं तोंड होतं ते.

“हे तर माझंच,” ती म्हणाली.

“चालेल,” अम्मा म्हणाल्या.

“तुला चालत असेल तर मला काय,” ती म्हणाली, आणि दोन्ही हात पुढं केले. “न्या.”

मी घेतलं. घेताक्षणी माझे हात खाली गेले. जड होतं.

आम्ही गाडीत येऊन बसलो. मग अम्मा म्हणाल्या, “किती शुद्ध तमिळ बोलली, नाहीं? मदुरैकडची असावी.”

मला तर ती आमच्या खानापूरच्या बोलीत बोलली होती, ‘हळू गं’ म्हणताना गं लांबवून, माझी आई लांबवते तसा.

“फूल मिळालं?” ह्यांनी विचारलं.

माझा पदर रिकामा होता. फुलं सगळी तिथंच राहिली होती. पण अम्मा म्हणाल्या, “मिळालं.”

घरी आल्यावर दुपटं सोडलं तर मांडीच्या वळ्यांत वाळू. तीन महिन्यांच्या पोराच्या मुठीत वाळू, ती मूठ मी उघडली तर आत ओली. धुतली, पुसली. मग मी कान बघितले. उजवा बघितला, डावा बघितला, दिव्याखाली नेऊन परत डावा बघितला.

“बुजलं असेल,” हे म्हणाले.

मामांना बोलावून दाखवलं. सोन्याचा कण न कण बघणारी नजर त्यांची. त्यांनी कानाची पाळी दोन बोटांत धरली, बराच वेळ धरली, आणि सोडली. “परत टोचू. त्यात काय,” म्हणाले. चहा न पिता गेले.

तेव्हापासून बाळ रडलं नाही. डब्याचं दूध पितं, टाकत नाही, अंगानं भरलं. डॉक्टर मला म्हणाले, बघा, उगाच घाबरत होता. वेलचेरीच्या आमच्या इमारतीतल्या बायका विचारायला आल्या, काय दिलंत. अम्मांनी सगळ्यांना सांगितलं, पांढरं अडुंबू. सगळे खूश आहेत. एका बाईचं समाधान नाही, तर ती वेडी. मला गोळ्याही दिल्या. घेतल्या. गोळीनं झोप येते, कानाला भोक पडत नाही.

त्याला जवळ घेतलं की माझं दूध उतरत नाही. आटलं, असं डॉक्टर म्हणाले. आटलेलं नाही. दिवस कलला की बाल्कनीचं दार उघडते. खाली रिक्षांचा गोंगाट, लोकल जाते, कुठं कुकरच्या शिट्ट्या, आणि त्या सगळ्याच्या पलीकडून, पूर्वेकडून, एक पोर रडतं. निळं पडेपर्यंत. आणि माझं पोलकं पुढून भिजतं. अंगाला कसं फसवणार? डोक्याला गोळी देता येते, अंगाला नाही.

मी वसंताला विचारलं, ते टेकाड कसलं.

ती फडकं पिळत थांबली. “अक्का, तुम्ही तिथं गेलात? विचारायचं तरी. पूर्वी दात न आलेली पोरं गेली की तिथं ठेवायचे.”

एका मंगळवारी अम्मा मैलापूरला देवळात गेल्या. मी कोंड्याचा डबा पिशवीत घातला, बाळाला कडेवर घेतलं आणि निघाले. तिरुवान्मियूरला बस बदलली. उतरून दुपारच्या उन्हात सुरूच्या बनापाशी गेले. बन अर्धं तोडलेलं. टेकाड नव्हतंच. जागा सपाट केली होती, भोवती उंच भिंत, आत काहीतरी मोठं बांधणार असतील. एक वेल नाही, एक पान नाही. फाटकावर एक म्हातारा राखणदार खुर्ची टाकून बसला होता. त्यानं माझ्या कडेवर पाहिलं, मग पिशवीकडं.

“तविडा?” त्यानं विचारलं. तविडु म्हणजे कोंडा.

मी मान हलवली.

“मागच्या बाजूला, भिंतीच्या कोपऱ्यात ओता,” तो तमिळमध्ये म्हणाला, रोजचंच सांगावं तसा. “सगळ्या तिथंच ओततात.”

मी भिंतीच्या कडेनं गेले. समुद्राकडच्या कोपऱ्यात कोंड्याचा ढीग होता. माझ्या गुडघ्याएवढा. भाताचा, नाचणीचा, गव्हाचा, वेगवेगळ्या रंगांचे थर. खालचा काळा पडलेला, वरचा ताजा. समुद्रावर एवढे कावळे असतात, एकही त्याच्याकडं फिरकत नव्हता. मुंगी नव्हती. एवढा वारा होता, माझा पदर डोक्यावर ठरत नव्हता, आणि ढिगाचा एक कण हलत नव्हता.

मी डबा ओतला. “घरचा आहे,” मी म्हटलं. “आमच्या गिरणीतला. माझं द्या.”

भिंतीच्या आतून रडणं आलं. अगदी भिंतीला लागून. माझं पोलकं भिजलं, पार पोटापर्यंत ओघळलं. मी भिंतीला हात लावून हाका मारल्या, तुळू, तुळू. राखणदार आला. “आत काही नाही, मा,” तो म्हणाला, “वाळू आहे.” कडेवरचं बाळ माझ्या खांद्यावरून भिंतीकडं बघत होतं. हसत होतं. पहिल्यांदाच हसलं ते.

घरी आले तर अम्मा दारात. पिशवीतला रिकामा डबा त्यांनी पाहिला. मला वाटलं आता तोंड सोडतील. त्यांनी बाळाला घेतलं, पाय धुतले, पुसले, पाळण्यात ठेवलं. मग माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. त्या कधी माझ्यासमोर जमिनीवर बसत नाहीत.

“मीहि ओतला,” त्या म्हणाल्या. “दोन वरुषं ओतला. दर अमाशेस. तेव्हां भिंत नव्हती.”

“काय ओतला, अम्मा?”

“विश्वा तीन महिन्यांचा होता.” त्यांचा आवाज अगदी खाली गेला. “माझी सासू घेऊन गेली मला. ती मणाली, फुलं टाक, काम होतं. मला काय माहीत... मग एक दिवस तो ‘अम्मा’ मणाला. तोंड दुसरीकडं होतं त्याचं, बाल्कनीकडं. पण मणाला. त्या दिवसापासून सोडलं मीं.”

बाल्कनीत हे उभे होते. पाठमोरे. आमचं बोलणं त्यांना ऐकू जात असेल, नसेलही.

“तुम्हाला ठाऊक होतं,” मी म्हटलं. “ठाऊक असून...”

“जगलेलं पोर पाहिजे होतं ना तुला? एक पुरलंस. दुसरंहि पुरलं असतंस. हें जगतंय.” त्या उठल्या. “वाढव. चांगलं निघतं. माझं निघालं नाहीं?”

तिकडं तेव्हा कुणाचं पोर वाळूत रडत राहिलं, ते अम्मांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चाळीस वर्षं झाली. अजून रडत असेल का, की थांबलं असेल?

बाळ आता बसायला लागलंय. मी त्याला उपाशी ठेवत नाही, मारत नाही, न्हाऊमाखू घालते, काजळ लावते. ते कुणाचं तरी आहे. कुणीतरी रडत रडत वाळूत ठेवलेलं आहे. आता चौथ्या मजल्यावर आहे, गरम पाण्यानं न्हातं, पंख्याखाली झोपतं. त्याच्या आईवर मला राग धरता येत नाही. तिनं मागितलं ते मोल होतं, आम्ही दिलं तिचंच फूल. राग माझा दुसऱ्यांवर आहे, आणि त्यांच्याच हातचं मी जेवते.

पण ते दिवस कलला की पूर्वेकडं वळतं. बाल्कनीतले हेही. दोघं एकाच वेळी मान वळवतात. काल त्याच्या तोंडून काहीतरी आलं. स्पष्ट नव्हतं. मी कानांवर हात ठेवले, कारण एकदा ते मी ऐकलं की मीही डबा घेऊन जायची थांबेन, अम्मा थांबल्या तशी.

म्हणून मी हे लिहून देते. तुमच्यापैकी कोणी रविवारी पोरंबाळं घेऊन त्या बाजूच्या किनाऱ्यावर गेलात, आणि वाळूत पांढरं अडुंबू दिसलं, तर खुडू नका. फडकं बांधलेली बाई बसलेली दिसली, तर तुमचं लेकरू घट्ट धरा, आणि लांबूनच तिला माझा निरोप सांगा. सांगा, वेलचेरीच्या कमलिनीनं कोंडा ओतलाय, घरचा आहे, मोजून घे. सांगा, तुझं बाळ चांगलं आहे, दोन दात आलेत, आता ते तिथं ठेवण्याच्या वयाचं राहिलं नाही. आणि तिच्या ओटीत जे असेल त्याचा डावा कान बघा. भोक तिरकं आहे.

तुम्ही त्या बाजूला जात नसाल तर जाणाऱ्या कुणाला सांगा. त्यानं पुढं कुणाला सांगावं. कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ते तिच्यापर्यंत पोचेल.